घोंगडीखालचा उजेड

"चमकले," जानकू फोनवर म्हणाला आणि लगेच रिसीव्हर ठेवून दिला. जास्त बोललं की खोटं उघडं पडतं, एवढं त्याला कळत होतं.

दुकानातल्या कॉइनबॉक्सशेजारी गेणभाऊ खारे दाणे तोलत होता. "परत चमकले? तुझे मासे लई गुणाचे दिसत्यात, राव."

"पानीच खराब, त्याला मासे काय करत्याल?" असं म्हणून जानकू खोडदच्या रस्त्याने घराकडे वळला.

मासे म्हणजे बोटाच्या पेराएवढे, अंगावर पट्टे असलेले. द्राक्षं-टोमॅटोवर फवारलेली औषधं विहिरीत उतरतात का, हे पुण्याच्या एका संस्थेला बघायचं होतं. तिने दोन घरी काचेच्या टाक्या ठेवल्या, एक आळे गावात आणि एक जानकूकडे. मोठ्या साहेबांनी दोन्ही घरच्यांना जुन्नरला बोलावून एकदाच सगळं समजावलं. माशांच्या बीजातच बदल केलाय. पाण्यात विषारी अंश आला की बॅटरीच्या निळ्या झोतात ते हिरवे चमकतात. रोज विहिरीचं ताजं पाणी घालायचं, अंधार करून बघायचं, चमकले तर हर्षालीला फोन करायचा. हर्षाली म्हणजे संस्थेत काम करणारी मुलगी.

अंधारासाठी जानकू टाकीवर आणि स्वतःच्या डोक्यावर एकच घोंगडी ओढून घ्यायचा. मेंढरं कधीच विकली होती. बायको, गजराबाई, जाऊन दोन पावसाळे झाले होते. मुलगा भोसरीला कंपनीत लागला आणि तिकडचाच झाला. घोंगडी तेवढी राहिली होती. तिच्याखाली तो आणि ते मासे एकमेकांकडे बघत बसायचे.

मासे कधीच चमकले नाहीत.

भर पावसाळ्यात एकदा कितीतरी दिवस त्याच्याशी कुणी बोललं नव्हतं. आपला आवाज तरी शाबूत आहे का, हे बघायला त्याने एक दिवस मेंढरांना घालायची हाळी घातली. रिकाम्या वाड्यात ती त्यालाच कशीतरी वाटली. मग तो उठला, गेणभाऊच्या दुकानात गेला आणि पहिला फोन केला.

दुसऱ्या दिवशी हर्षाली एसटीने आली. घोंगडीखाली वाकून तिने बघितलं.

"आता तर काही दिसत नाही, आबा."

"काल लई चमकत व्हते. उतरलं आसंल."

"उतरतं कधी कधी," ती म्हणाली. बाटलीत पाणी भरून घेतलं आणि चहाला थांबली.

मग फोनची सवयच झाली. आली की ती आधी चुलीपाशी बसायची, भाकरी मोडायची, आजूबाजूची विचारपूस करायची. टाकीकडे जायचं तिला शेवटी आठवायचं. एकदा तर पाण्याची बाटलीच विसरून निघाली. जानकू ती घेऊन धापा टाकत थांब्यावर पोचला. "अरे हो," म्हणत तिने ती पिशवीत टाकली. शिकलेली माणसं विसरभोळी असतात, हे जानकूने ऐकलं होतं, आज बघितलं.

"घरी कोन कोन हाय तुझ्या?" त्याने एकदा विचारलं.

"होस्टेलवर राहते मी," ती म्हणाली आणि अजून थोडा ठेचा मागितला.

दिवाळीनंतर ती आली तेव्हा म्हणाली, "काम बंद होतंय, आबा. पुढच्या वेळी टाकी न्यायलाच येईन."

"का बरं?"

"नमुन्यात काही सापडत नाही. सापडलं असतं तर मुदत वाढली असती."

ती गेल्यावर जानकूने माळ्यावरून फवारणीच्या औषधाची बाटली काढली. एक झाकण टाकीत ओतलं की झालं. त्याने बाटली उघडली. खायला मिळणार म्हणून सगळे मासे वर आले आणि तोंडं उघडझाप करू लागले. जानकूने बाटली घट्ट बंद केली आणि माशांना खाणं टाकलं.

दुकानात गेणभाऊने त्याच्या काळजीत भर घातली. "तुझे मासे चमकत्यात आन पानी चोख निघतंय. पोरीनं सायबाला उलटसुलट लिवून दिलं तर नोकरी जायाची तिची."

ते जानकूच्या जिवाला लागलं. खरं सांगितलं तर ही पोरगी पुन्हा तोंड बघणार नाही. नाही सांगितलं तर तिचं नुकसान. त्याने गजराबाईच्या फोटोसमोर बसून खूप विचार केला. फोटोने नेहमीप्रमाणे सगळं त्याच्यावरच सोडलं.

हर्षाली टाकी न्यायला आली तेव्हा त्याने पिठलं केलं होतं. दोघं जेवायला बसली. जानकूने हातातला घास ताटात ठेवला.

"पोरी, माशांनी कदी उजेड दिलाच न्हाई. मी खोटं बोलत व्हतो. घर खायाला उठायचं, म्हनून फोन करायचो." त्याने मान खाली घातली. "सायबाला सांग, म्हातारा लबाड व्हता. तुझ्यावर काय येऊ देऊ नको. पुन्हा आली न्हाईस तरी माझं काय म्हननं न्हाई."

हर्षालीने भाकरीचा तुकडा मोडला.

"बदल केलेले मासे आळ्याच्या टाकीत आहेत, आबा. तुमच्याकडे तुलनेसाठी साधेच ठेवले होते. कुणाकडे कुठले, हे दोन्ही घरी सांगायचं नव्हतं. तुमचे मासे विषात बुडवले तरी चमकले नसते."

जानकूने मान वर केली. "म्हंजी तुला ठावं व्हतं? कवापासनं?"

"पहिल्या फोनपासून," ती म्हणाली आणि तिने ताट पुढे केलं.