बोहणीचं अक्षर

पुलगावच्या बाजारातून आल्या आल्या रूपराव हातपाय न धुताच कॉम्प्युटरसमोर बसले आणि एका बोटानं 'क' दाबला. खाली यादी उघडली. क्रिकेट स्कोअर. करिअर मार्गदर्शन. कमी दिवसांत वजन घटवा.

"हे कोनाचं आहे?" त्यांनी विचारलं.

"कोनाचं म्हंजे? सगळ्यायचंच असते ते, बाबा. जास्त लोक जे शोधते, ते दाखवते." लेक सुरभी सकाळच्या एसटीनं नालवाडीहून आली होती आणि स्वतःवर बेहद्द खूश होती. बाजारभावाचं पान उघडत नाही, ब्राउझर जुना झाला म्हणते, अशी कुरकुर फोनवर वडिलांनीच केली होती. तिनं दोन तास खपून नवा टाकला. "पाहा न, भाव कसे झटक्यात उघडते."

रूपरावांनी भाव पाहिले नाहीत. 'क' पुसला, पुन्हा दाबला. पुन्हा क्रिकेट.

तेवढ्यात पदराला हात पुसत धुरपताबाई आल्या आणि खुर्चीमागे, आपल्या ठरलेल्या जागी, उभ्या राहिल्या. "आज कशाची बोहणी झाली जी?"

"कारल्याची."

"मंग काय म्हनते अंकुश?"

सुरभी आईकडे बघतच राहिली. भावाला जाऊन आठ महिने झाले होते. कॉम्प्युटर त्याचाच. वडिलांना भाव बघता यावेत म्हणून कळांवर मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या त्यानंच लावल्या होत्या. तेरवीनंतर एकदा रूपरावांनी वांग्याचा भाव बघायला 'व' दाबला, तर खाली अंकुशचा प्रश्न उगवला, वांग्यावरची अळी कशानं जाते म्हणून. लेकानं कधीतरी विचारून ठेवलेला. तेव्हापासून या दोघांचा नेमच झाला. बाजारात जी भाजी पहिली विकली जाईल, तिचं पहिलं अक्षर दाबायचं. खाली अंकुशचे जे प्रश्न येतील, ते नवऱ्यानं वाचायचे आणि बायकोनं ऐकायचे. रोज एकच अक्षर, पुरवून पुरवून. लोक वेड्यात काढतील म्हणून लेकीलाही सांगितलं नव्हतं.

"आधीचं कुठं आहे?" रूपरावांनी विचारलं.

"काढून टाकलं." सुरभीचा आवाज खाली गेला. "नव्यानं इचारलं होतं, जुन्यातलं सारं इकडं आनू का म्हनून. मी नको म्हटलं."

"काऊन वं?"

ती वडिलांच्या कानाशी वाकली. "मीबी सकाळी 'क'च दाबला होता, बाबा. त्यात त्याचं ते होतं, दवाखान्याच्या दिवसातलं. तुमाले दिसू नाई म्हनून पुसलं."

"मले दिसत होतं, बाई," रूपराव तितक्याच हळू म्हणाले. "'क' आला का पहिली ओळ तेच राहे. मी तेवढी सोडून खालच्या वाचत होतो. तुह्या मायले माईत पडू नाई म्हनून."

भावाचं घरात उरलेलं बोलणं सुरभीनं आपल्या हातानं, चहाचे घोट घेत घेत, पुसून टाकलं होतं.

रूपराव रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि एका बोटानं एकेक अक्षर शोधत लिहू लागले. 'काकडी कडू का होते.' एंटर. उत्तरं आली, त्यांनी ती तशीच बंद केली. 'कपाशीत चवळी घेता येते का.' एंटर. 'कमी आवाजाचा मोटारपंप.' एंटर. सगळे पाठ होते. कुठं अडलं नाही की मागं वळून बघावं लागलं नाही.

"एकदा लिहिलं का ध्यानात ठेवते न हे?"

"ठेवते," सुरभी नाक पुसत म्हणाली.

चौथा प्रश्न झाला, पाचवा झाला. मग त्यांचं बोट 'क'वर थांबलं आणि उचललं गेलं.

"झालं," ते म्हणाले.

"नाई झालं," धुरपताबाई मागून म्हणाल्या. "एक राह्यलं."

रूपराव वळले नाहीत.

"मले वाचता येत नाई. पन कारल्याच्या दिवशी तुमी पयले आवंढा गिळता, मंग वाचता. आठ महिने आयकून राह्यली मी." त्यांनी खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली. "तेबी लिवा. माह्या लेकानं इचारलं होतं. आन् आज मोठ्यानं वाचा."

रूपरावांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. बराच वेळ लागला त्यांना ती ओळ लिहायला. लिहून झाल्यावर त्यांनी घसा खाकरला आणि बाजारात भाव सांगतात तशा सपाट आवाजात वाचली.

"किती दिवस उरले हे आईला कसं सांगायचं."

त्यांनी एंटर दाबलं. पडदाभर उत्तरं आली, पानंच्या पानं. धुरपताबाई पुढे झाल्या. त्यांच्या बोटांना अजून कणीक होती. तेच बोट त्यांनी त्या ओळीखाली काचेवर टेकवलं.

"सांगू नको, बापा," त्या म्हणाल्या. "मले माईत होतं."