हिरव्या बुरशीची यादी

साहेबाने सूक्ष्मदर्शकावरचा डोळा उचलला आणि म्हणाला, "बुरशी. हिरवी. मारून टाका."

सेतुरामने ते मराठीत आणून अंबाबाईंना सांगितलं. शेतकी खात्याच्या गोऱ्या साहेबाचं बोलणं मराठी-तमिळमध्ये आणणं हीच त्याची नोकरी होती. शेतकीची पदवी वरकड. टेबल सुंदरपेरुमाळ कोयिल गावी, बाईंच्या पानमळ्यात, हादग्याच्या सावलीत मांडलं होतं.

"मारा बोलतो, तर तिनें त्याचं काय मारलं तें विचार," अंबाबाई म्हणाल्या. तंजावरच्या दरबाराने पणजोबांना दिलेला हा मळा त्या पंचवीस वर्षं एकट्याने राखत होत्या. दरबार गेला, पणजोबा गेले, दरारा सोसण्याची सवय मात्र बाईंना लागली नाही.

त्या साली कुंभकोणम्‌भोवतीच्या पानवेलींवर मर आली होती. मातीतली पांढरी बुरशी मुळं कुजवायची आणि उभी वेल आठ दिवसांत मान टाकायची. अंबाबाईंचा मळा मात्र हिरवागार होता, कारण त्यांच्या मातीत निंबोळी पेंडीवर पोसलेली ही दुसरी, हिरवी बुरशी होती. ती पांढरीला खाते, असं सेतुरामने एका परदेशी नियतकालिकात वाचलं होतं. ते त्याने साहेबाच्या कानावरही घातलं.

"चांगली बुरशी, वाईट बुरशी, असा भेद सरकार करत नाही," साहेब म्हणाला. माणसांच्या बाबतीतही सरकारचं धोरण साधारण हेच होतं.

सरकारी औषध म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी. ते इतकं दाट ओतायचं की हातभर खोलीपर्यंत काही जिवंत राहू नये. हिरवी मेली की पुढच्या पावसात पांढरीला रान मोकळं. हे सेतुरामला कळत होतं. त्याला कळतं की नाही, हे त्याच्या नोकरीच्या अटींत नव्हतं.

"इथली माती आणखी कुठे गेली?" साहेबाने विचारलं.

कुठे गेली नव्हती? नवा मळा लावणारा अंबाबाईंकडून टोपलीभर माती नेई आणि विरजण लावावं तशी आपल्या वाफ्यांत मिसळी. मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही आणि मोल घ्यायचं नाही, अशी त्या घरची रीत. ज्यांनी माती नेली त्यांचेच मळे आज उभे होते. साहेबाने त्यातून निष्कर्ष काढला की रोग इथूनच पसरला. "नावं सांगायला लाव. तिथेही औषध ओतायचं."

"अक्का, दोन-चार नांवं विसरा कीं," सेतुराम पुटपुटला.

"विसरूं कां? भर दिवसां दिली. चोरून नाहीं."

आणि त्यांनी बोटांवर अकरा नावं मोजली, थेट तिरुविसनल्लूरच्या नटराजपर्यंत. नटराज तिथेच उभा होता. "अय्यो, अम्मा!" म्हणत त्याने कपाळाला हात लावला. सेतुराम खाली मान घालून मोडीत लिहीत राहिला. सगळ्यांत शेवटी त्याने हा मळा लिहिला. मोडी साहेबाला वाचता येत नव्हती, पण सही करायला वाचता यावं लागतं असं थोडंच आहे? साहेबाने कागदाखाली इंग्रजीत लिहिलं: "यादीतल्या सर्व ठिकाणी, क्रमाने, उद्यापासून. अपवाद नाही." आणि झोकदार सही ठोकली.

"सेतू, तुझा हात कसा उठतो रे?"

"हुकूम आहे, अक्का."

"पांढरी बुरशी बरी मग. मुळं खाते, पण हुकूम आहे असें सांगून नाहीं खात."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता साहेब कुंभकोणम्‌च्या आपल्या बंगल्यात चहा घेत होता. फाटकातून निळ्या पाण्याचं पिंप आलं, चार मजूर आले आणि मागून सेतुराम आला. ते सरळ गुलाबांच्या ताटव्यापाशी थांबले.

"हा काय मूर्खपणा?"

"यादीतलं पहिलं नाव, साहेब. आपलंच."

साहेबाने धावत जाऊन चिमूटभर माती उचलली आणि खिशातल्या भिंगाखाली धरली. बुरशी होती. हिरवी. मजुरांनी पिंप कलतं केलं. उटीच्या गुलाबांच्या प्रदर्शनाला तीन आठवडे उरले होते.

"थांबा! अरे गाढवा, ही बुरशी निरुपद्रवी आहे!"

"इथली, की सगळीकडची?"

"सगळीकडची!"

"तेवढं लेखी द्या, साहेब."

साहेबाने दोन कागद लिहिले. पहिल्याने बारा मळे वाचले. दुसऱ्याने सेतुरामची नोकरी गेली. सेतुरामने दोन्ही नीट घडी करून खिशात ठेवले आणि दुपारच्या गाडीने सुंदरपेरुमाळ कोयिलला उतरला.

अंबाबाईंनी पहिला कागद त्याच्याकडून दोनदा वाचून घेतला. दुसरा एकदाच ऐकला. मग म्हणाल्या, "सेतू, एक सांग. त्या गोऱ्याकडचं कोणी मजकडे माती मागूं आलें नाहीं. मीं त्याचं नांव घेतलें नाहीं. तें यादींत कसें?"

"मीं घातलें, अक्का."

"म्हणजे लटकें लिहिलेंस?"

"काल लटकें होतें," सेतुराम म्हणाला. "आज पहांटे तुमच्या बांधावरची टोपलीभर माती नेऊन त्याच्या गुलाबांत मिसळली. सरकारी कागदावर खोटं असूं नये."