फवारणीच्या आधी

पॉलिहाऊसमधल्या टोमॅटोच्या फुलांना थरथरणारी कांडी लावून पराग झाडायचं काम दोघी जावा नऊ वर्षं करत होत्या. आज सकाळी भुंग्यांची पेटी आली आणि मुकादम म्हणाला, “उद्यापासून हे काम भुंगेच करतील.” पेटी आणणारा जाता जाता दोघींना बजावून गेला, “औषध फवारलंत तर एकही भुंगा वाचायचा नाही.” मुकादम तेव्हा फोनवर होता. आणि फवारणी आज दुपारीच होती.

“तू तोंड उघडायचं नाहीस,” थोरली दटावून म्हणाली. “भुंगे मेले तरच आपलं काम टिकेल. आपल्याच पोटावर पाय देऊ नकोस.”

धाकटीनं मान डोलावली, पण तिचं कशात लक्ष लागेना. थोरली पाणी प्यायला जाऊन आली, तोवर हिनं एकाच फुलाला तीनदा कांडी लावली होती. शेजारच्या फुलाला एक केसाळ भुंगा लोंबकळत होता. तो जीव खाऊन गुणगुणत होता, फूल थरथरत होतं आणि पिवळी पूड त्याच्या अंगभर सांडत होती. तिच्यानं राहवेना. कांडी तिथंच टाकून ती मुकादमाकडे धावली.

“साहेब, आज फवारणी नको! सगळे भुंगे मरतील.”

“माहीत आहे. मघाशीच तुमच्या जाऊबाई सांगून गेल्या,” मुकादम म्हणाला. “पेटीवर लक्ष ठेवायला एक बाई लागणारच होती. त्यांनाच ठेवलंय.”