दाराखालची पायरी

भाड्याच्या आरव्हीत, म्हणजे पलंग-सिंक असलेल्या त्या घरवजा गाडीत, कुणी चाललं की गाडी पावलागणिक किंचित दबायची. नेपरव्हिलहून अर्विंगला निघाल्यावर एका दिवसातच संघमित्राला नवऱ्याची, प्रसन्नची, जड पावलं आणि सहा वर्षांच्या मीराच्या उड्या डोळे मिटूनही ओळखू यायला लागल्या होत्या.

रात्र त्यांनी मिझूरीतल्या एका ट्रक स्टॉपवर काढली. उजाडताना प्रसन्न कॉफी आणायला गेला. संघमित्राने आतून कडी लावली आणि मागच्या पलंगावर मीराशेजारी पुन्हा आडवी झाली.

थोड्या वेळाने दाराशी गाडी दबली. एक पाऊल, मग दुसरं.

"ओट्यावर ठेव कॉफी," ती डोळे न उघडताच म्हणाली.

पावलं सिंकपाशी थांबली, मग पलंगाकडे यायला लागली. तेव्हा तिला कडी आठवली.

तिने डोळे उघडले. समोर कुणीच नव्हतं. खिडकीतून प्रसन्न दिसला. दोन कप सांभाळत तो लांबून, उभ्या ट्रकांमधून येत होता.

झोपलेल्या मीराला उचलून ती दाराकडे धावली. घाईत तिला कडी सापडेना. कशीबशी ती बाहेर पडली.

प्रसन्नने आत जाऊन बाथरूम, कपाट, सगळं बघितलं. "कुणी नाहीये अगं. शेजारून ट्रक गेला की हलते गाडी," खाली उतरत तो म्हणाला. तिलाही ते पटवून घ्यायचं होतं.

एव्हाना जागी झालेल्या मीरासकट तिघं उघड्या दारासमोर उभी राहिली. आसपास एकही ट्रक हलत नव्हता. दाराखालची लोखंडी पायरी सावकाश दबली आणि पुन्हा वर आली.

"एक्सक्यूज मी," मीरा अदबीने म्हणाली, आणि वाट देत बाजूला सरकली.