मगभर पाणी

डॉक्टरीणबाईंनी मेलेलं पिल्लू तळहातावर उलटं केलं. "बोटांत पडदा नाही बघा. हे जमिनीवरचं कासव आहे, काका. पाण्यात ठेवलंत?"

"कासव म्हटल्यावर पाण्यातच ठेवणार ना!" मी चिडलो. "आणि दुसऱ्यापेक्षा हेच जास्त पोहायचं. सारखं हातपाय मारायचं."

"पोहत नव्हतं, काका. बुडत होतं."

कमरेचं हाड मोडल्यापासून आठ महिने बायको पलंगावर पडून आहे. तिला विरंगुळा म्हणून परवाच मी ही दोन पिल्लं आणून काचेच्या पेटीत सोडली होती. या धडपड्याला बघून ती किती दिवसांनी खळखळून हसली. "अहो, अजून मगभर ओता. मोकळं पोहू दे त्याला." ती म्हणायची आणि मी ओतायचो.

घरी आलो तर तिची नजर दाराकडेच लागलेली. "कशानं गेलं म्हणाल्या डॉक्टर?"

मी दारातच खाली वाकून चपला काढत राहिलो.

तिनं डोळ्यांना पदर लावला. "मी म्हणत होते ना, पाणी कमी पडतंय त्याला! तुम्ही आपले मगभर मगभर ओतत बसलात."

"खरंय गं," मी म्हणालो. "माझंच चुकलं."