नाथाचे पाय

"नाथा मीच," मिठाच्या वाफ्यात उभा असलेला माणूस म्हणाला, आणि डॉक्टर शांतीने डोळ्याला लावलेला कॅमेरा खाली घेतला.

त्याच्या दोन्ही पोटऱ्यांवर शिरा दोरखंडासारख्या फुगल्या होत्या. डाव्या घोट्यावर जखम होती, तिला मळकं फडकं गुंडाळलेलं. हा नाथा असेल, तर गेल्या उन्हाळ्यात कासूच्या शाळेत गुळगुळीत पाय दाखवून गेला तो कोण?

"तो माजा भाव, काळुराम. मीठ वर आलं व्हतं, काढायचं व्हतं. वाफा सोडून कसा येनार? म्हनून बदली धाडला."

मिठागरावरची ही जुनी रीत. घरातला एक अडला की दुसरा कामावर येतो, हजेरी लागते, तोंड कुणी बघत नाही. शांती याच भागातली, पेणच्या रामवाडीची. बदली म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायला नको होतं. पण तपासणीलाही कुणी बदली धाडेल, हे तिच्या स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं.

मुंबईच्या इस्पितळात ती सर्जरीच्या शेवटच्या वर्षाला होती. हात चांगला चालतो, असं सगळेच म्हणत. पण परदेशातली फेलोशिप हात बघून देत नाहीत, पेपर बघून देतात. "संशोधनाला वेळ काढावा लागतो," असं तिचे सर सांगत, आणि त्याच दमात रविवारची ड्यूटीही लावत. रात्र थोडी नि सोंगं फार. कुणाच्या तरी हातापाया पडून एखादा रविवार सुटला की ती रोह्याची गाडी धरायची, खिडकीला डोकं टेकायची. एकदा तर कासू कधी गेलं ते कळलंच नाही, जाग आली ती थेट रोह्याला.

विषय तिचाच. दिवसभर उभ्याने राबून मिठागरवाल्यांच्या पायांच्या शिरा फुगतात. रोह्याच्या शिबिरात तिच्या युनिटने कापाकापी न करता, नुसत्या इंजेक्शनने त्या बसवल्या होत्या. वर्षभराने पाय कसे आहेत, एवढंच बघायचं होतं. शाळेच्या बाकावर पाय येत. ती वाकून बघे, फोटो काढी, "पुढचा" म्हणे. मान वर करून तोंडाकडे बघायचं त्राण तिच्यात नसे. सगळे पाय सुरेख निघाले. पेपर स्वीकारला गेला, सर खूश झाले, फेलोशिपच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. परिषदेत शेवटी दाखवायला एक फोटो तेवढा हवा होता. मिठागरात कामावर उभा असलेला, बरा झालेला नाथा.

"आणि बाकीचे?" तिने विचारलं.

नाथा आठवू लागला. पुतळीच्या जागी तिची जाऊ गेली होती. सोमाच्या जागी त्याचा जावई. स्वतः कोण गेलं होतं, हे काही त्याला चटकन आठवेना.

शांतीच्या हातातोंडाशी आलेला घास गेला होता. गप्प बसली असती तर कुणाला कळणार नव्हतं. पेपर छापून आला असता, आणि कुठला तरी डॉक्टर तो वाचून आणखी कुणाच्या पायांत हेच इंजेक्शन देत सुटला असता. पेपर परत घ्यायचा. सरांना आजच सांगायचं. ठरवायला तिला फारसा वेळ लागला नाही, आणि याचंच तिला रडू आलं.

तिने नाथाला बांधावर बसवलं आणि घोट्याचं फडकं सोडायला घेतलं. जखम जुनी होती, खोल होती. तिचा इतक्या दिवसांचा शीण मग एकदम त्या लोकांवरच निघाला.

"मीठ वर आलं होतं, मान्य. पण कुणालाच घडीभर येता आलं नाही? दुखतंय हे डॉक्टरला नाही सांगायचं, तर सांगायचं कुणाला?"

नाथाची बायको हौसा डोक्यावरची मिठाची टोपली उतरवून पुढे आली आणि शांतीच्या पाठीवर तिने हात ठेवला.

"येळ व्हता गो बाय. पन पयल्या रविवारी शाळेत तूच बोललीस ना, ह्या पायांवर माजं पुढचं शिक्षन हाय म्हनून. आपली पोर इलायतेला जायची, तिच्यासमोर दुखरं पाय कसं धाडायचं? घराघरातलं चांगलं पाय निवडून धाडलं आमी."