महिनाभराचा साठा

गावाला रस्ता मिळावा म्हणून वाटूर फाट्यावर आमरण उपोषणाला कुणी बसायचं, याची बैठक भरली होती. सरपंच शिवाजीराव पोटावरून हात फिरवत म्हणाले, "मीच बसतो."

"बरोबर आहे," शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या ज्योत्स्ना मॅडम म्हणाल्या. "उपाशी राहिलं की लिव्हरमधली साखर एका दिवसात संपते, मग शरीर चरबीवर चालतं. सरपंचांकडे महिनाभराचा साठा आहे."

"मंग तालुक्याचा साहेबबी महिनाभर फिरकायचा न्हाई," साळूबाई बोलली. "ज्याच्याकडं साठाच न्हाई असा माणूस बसवा. साहेब जल्दी घाबरतो."

सगळ्यांनी रखमाजीकडं पाहिलं. सहा महिने ऊस तोडून तो कालच गावात आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडपाचे बांबू रोवणं चालू होतं, तेवढ्यात साहेबांची जीप आली. सतरंजीवर टेकलेल्या रखमाजीला पाहून साहेब हादरले.

"याला आधी दवाखान्यात हलवा. रस्त्याचं मी आत्ता लेखी देतो. किती दिवस झाले याला उपाशी बसून?"

"आत्ताच जेवलो, साहेब," रखमाजी म्हणाला. "उपोषण दुपारून चालू व्हायचंय."